बंद दारी बोलावणं

१

पुस्तकांच्या प्रसिद्धीचं काम म्हणजे नेमकं काय, असं कुणी विचारलं की शिवरंजनी म्हणायची, "खुर्च्या भरणं." विचारणाऱ्याला ती थट्टा वाटायची, पण ती थट्टा नव्हती.

चेन्नईच्या एका प्रकाशनाचं हे काम ती कुंभकोणममध्ये घरी बसून करायची. टाळेबंदीत थोड्या दिवसांसाठी म्हणून घरी आली ती इथेच राहिली. वर्तमानपत्रांना परीक्षणासाठी प्रती पाठवायच्या, त्या तिथल्या टेबलांखाली तशाच पडून राहायच्या. फोन केला की पलीकडचा म्हणायचा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. पाठवलंय म्हटलं की म्हणायचा, बघतो. लेखकमंडळींचं वेगळंच. आपलं पुस्तक ही जगातली एकमेव घटना आहे अशा खात्रीनं ते ती अंघोळीला गेली असतानाच फोन करायचे, आणि परीक्षण का आलं नाही याचा जाब तिलाच विचारायचे. प्रत्येक पुस्तक अप्रतिम, असं ती इतक्यांदा लिहून चुकली होती की स्वतःला एखादं खरोखर आवडलं तर ते कोणत्या शब्दात सांगावं हे तिला कळेनासं झालं होतं.

प्रकाशन समारंभाच्या फोटोत लेखक असतो, पाहुणे असतात, समई असते. शिवरंजनी कधीच नसते. ती भिंतीला पाठ लावून उभी असते, आणि तिच्याकडे कुणी बघत नाही. हे तिला आवडायचंसुद्धा.

मागचा समारंभ मात्र अंगाशी आला होता. सभागृह मोठं, माणसं मूठभर. गर्दी दिसावी म्हणून फोटोग्राफर साईकुमार बिचारा जमिनीवर आडवा होऊन फोटो काढत होता. त्यानंतर चेन्नईहून सुष्मिताचा, म्हणजे तिच्या वरिष्ठ बाईंचा फोन आला. बाई गोड बोलल्या, आणि गोड बोलल्या म्हणूनच शिवरंजनी सावध झाली. कुंभकोणमचं काम असंच चाललं तर बंद करावं लागेल, असं त्या म्हणाल्या. उलट पुढचा समारंभ भरगच्च झाला तर चेन्नईत एक जागा आहे, ती तुझी.

चेन्नईचा विचार मनात आला की शिवरंजनीला छातीत मोकळं वाटायचं, आणि लगेच अम्मा आठवायची. अम्मा, म्हणजे सीतालक्ष्मी, गुडघ्यांनी अधू. मधल्या खोलीतल्या खाटेवर दिवसभर बसलेली, शेजारी फरशीवर पाण्याचा पितळी टंबलर. त्या टंबलरला बुडाशी पोचा होता, त्यामुळे खाली ठेवला की तो ठण् करून जरा वेळ डगमगायचा. एकदा बेल वाजली म्हणून अम्मा घाईनं उठली आणि पडली. तेव्हापासून बाहेर जाताना शिवरंजनी दाराला बाहेरून कुलूप लावायची. म्हणजे कुणी बेल वाजवायचं नाही आणि अम्मानं उठायचं नाही. अम्मा "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली होती. त्यापलीकडे त्या विषयावर बोलणं झालं नव्हतं.

२

पुढचं पुस्तक चंद्रमौळी रावांचं होतं. शाळेत त्यांनी शिवरंजनीला रसायनशास्त्र शिकवलं होतं. भोसल्यांच्या काळात तंजावूरकडे आलेली आणि मग कावेरीकाठच्या गावांत विखुरलेली मराठी घरं, त्या घरांतली माणसं, त्यांची जेवणं, त्यांची भांडणं, असं ते पुस्तक होतं. निवृत्तीनंतरचं सगळं आयुष्य त्यांनी त्यात घातलं होतं. शिवरंजनीनं ते अर्धं वाचलं होतं, आणि अर्धं वाचणं हा तिच्या धंद्यात मोठाच मान होता.

सर निमंत्रणावर अडून बसले. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेली पत्रिका म्हणजे त्यांच्या लेखी बोलावणंच नव्हे.

"पुस्तक त्यांचं होय, रंजनी," ते म्हणाले. "दारीं जाऊन, अक्षत हातीं देऊन बोलविल्यावांचून मी त्या मंचावर चढणार नाही."

तिनं समजावून पाहिलं. पुस्तकातल्या घरांतले अर्धेअधिक लोक बेंगळुरूला आहेत, अमेरिकेत आहेत, उरलेले वर गेलेत. सर ऐकूनच घेईनात. शेवटी तिनं हात टेकले. कुंकवाचा करंडा, हळद लावलेल्या तांदळांची वाटी आणि पत्रिकांचा गठ्ठा एका स्टीलच्या ताटात घेऊन ती ऐन चैत्रातल्या उन्हात घरोघर हिंडायला लागली.

म्हणायचं काय तेही ठरलेलं होतं. लग्नामुंजीला त्यांच्या घरांतून पूर्वापार म्हणत आलेले ते शब्द. समस्त घरचे या, एकासही मागें ठेवूं नका. लहानपणी आजीबरोबर फिरताना तिनं ते ऐकले होते. पहिल्या दोन घरी म्हणताना तिला लाज वाटली. तिसऱ्या घरापासून तिचा कामाचा आवाज त्यात शिरला, फोनवर पत्रकारांशी बोलतानाचा, उजळ आणि जरा चढा.

३

पट्टीश्वरमच्या अलीकडे एका अरुंद गल्लीशी रिक्षा थांबली. सरांच्या पुस्तकातलं एक सबंध प्रकरण या गल्लीवर होतं. दोन्ही बाजूंना एकमेकांना चिकटलेली घरं होती आणि जवळजवळ प्रत्येक दाराला कुलूप.

शिवरंजनी पहिल्या दारापुढे उभी राहिली. कुलूप काही जुनं, गंजकं नव्हतं. साधं, रोजच्या वापरातलं दिसत होतं. रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, घसा कोरडा पडला होता, आणि अजून बरीच घरं बाकी होती. तिनं पत्रिका दाराच्या फटीत सरकवली. उंबऱ्यावर कुंकवाचं बोट टेकलं, चिमूटभर अक्षता ठेवल्या. सरांना पुरावा हवा म्हणून मोबाइलवर फोटो काढणार, तेवढ्यात तिच्या मनात आलं की नुसतं ठेवून गेलं तर ही फसवणूक झाली. निदान म्हणावं तरी.

"समस्त घरचे या," ती बंद दाराला म्हणाली. "एकासही मागें ठेवूं नका."

आत ठण् असा आवाज झाला. धातूचं भांडं फरशीवर ठेवावं तसा, आणि मागोमाग बारीक थरथर.

ती क्षणभर थांबली. कान देऊन ऐकलं. आता आत काहीच नव्हतं, पण ते काहीच नसणं तिला जरा जास्त वाटलं, आत कुणी तरी श्वास धरून बसल्यासारखं. मग तिची बुद्धी मदतीला आली. घरांची भिंत सामाईक आहे. आवाज शेजारचा. तंजावूर जिल्ह्यात असं भांडं नसलेलं घर कुठलं? तिनं फोटो काढला आणि पुढच्या दाराशी गेली.

शेजारच्या दारालाही कुलूप होतं. त्याच्या पलीकडच्याही. ती प्रत्येक दाराशी थांबली, अक्षता ठेवल्या, शब्द म्हटले, फोटो काढला. शेवटी शेवटी ती हे इतकं भराभर करत होती की आतून काही आलं असतं तरी ऐकू गेलं नसतं. गल्लीच्या तोंडाशी परत आल्यावर तिनं एकदा वळून पाहिलं. सगळ्या उंबऱ्यांवर पिवळे ठिपके दिसत होते, आणि इतक्या उन्हात, इतक्या तांदळांवर, एकही चिमणी उतरली नव्हती.

४

संध्याकाळी कॉफी करताना तिनं अम्माला दिवसभराचं सगळं सांगितलं. सरांचा हट्ट, रिक्षावाल्याची कटकट. अम्मा हसत होती. गल्लीची गोष्ट आली तशी हसायची थांबली.

"कुलूप होतं कीं तिकडे?"

"होतं. सगळ्यांनाच."

"मग कोणास सांगिटलीस?"

शिवरंजनी म्हणाली, कुणाला म्हणजे काय, नुसतं म्हटलं, सरांच्या समाधानासाठी. अम्मानं टंबलर उचलला, पाणी प्याली, आणि फारच जपून, आवाज न करता खाली ठेवला. मग बराच वेळ ती दाराकडे पाहत राहिली. शिवरंजनीला राग आला. मी चेन्नईला जाणार हे हिला सहन होत नाही, म्हणून हिला आता सगळ्यातच काही ना काही खुपणार, असं तिला वाटलं. असं वाटल्याबद्दल मग रात्रभर वाईटही वाटत राहिलं.

५

समारंभ गावातल्याच एका भजनमंडपात होता. मंडप असल्यानं चपला बाहेर काढायच्या. पाच वाजता सुरुवात. प्रसिद्धीच्या धंद्यातली जुनी युक्ती अशी की खुर्च्या कमीच मांडायच्या, लोक आले तर वाढवायच्या, म्हणजे सभा भरल्यासारखी दिसते. शिवरंजनीनं पुढच्या थोड्याच रांगा मांडायला सांगून ठेवलं होतं. ती पानसुपारीच्या पिशव्या घेऊन पोचली तेव्हा मागच्या भिंतीपर्यंत खुर्च्या होत्या. मंडपाच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, तुमच्याकडच्याच लोकांनी मांडल्या.

ती मंचामागे माइकचं बघत होती. बाहेर आली तर सभा भरलेली.

तिचा पहिला भाव निव्वळ आनंदाचा होता, हे मान्य करायला हवं. पुढच्या दोन रांगांत ओळखीची मंडळी होती, सरांचे जुने सहकारी, वाचनालयाचे दोघं, एका वर्तमानपत्राचा चक्क वार्ताहर. आणि त्यांच्या मागे, रांगांमागून रांगा, माणसंच माणसं. नीट कपडे केलेली, पाय जुळवून बसलेली, सगळ्यांचे हात मांडीवर. प्रत्येक प्रसिद्धीवाल्याच्या स्वप्नात येते तसली सभा. कुणाचा फोन वाजत नव्हता. कुणी मधूनच उठून जात नव्हतं. पंखे धड फिरत नव्हते, पुढच्या रांगेतले पत्रिकेनं वारा घेत होते, पण मागं कुणी घामसुद्धा पुसत नव्हतं.

सर मंचावर आले आणि समोर पाहून त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी माइक दोन्ही हातांनी धरला.

शिवरंजनीनं सवयीनं पहिली टाळी वाजवली. ती नेहमी असं करायची, कुणी तरी सुरुवात करावी लागते. तिच्याबरोबर सबंध मंडपानं टाळ्या वाजवल्या. ती थांबली तसे ते थांबले, त्याच क्षणी. पुढच्या दोन रांगा तेवढ्या आणखी थोडा वेळ वाजवत राहिल्या, मग ओशाळून थांबल्या.

तिनं पुन्हा एकच टाळी वाजवून पाहिली. मागून एकच टाळी आली.

पाणी आणायच्या निमित्तानं ती बाहेर पडली. पायरीशी चपला होत्या. पुढच्या दोन रांगांच्या, सरांच्या, साईकुमारचे बूट, तिच्या स्वतःच्या. बाकी पायरी मोकळी होती. बाकीचे गाडीत काढून आले असतील, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. रस्त्यावर गाडी नव्हती. मग चालत आले असतील, अनवाणी, काही लोक पाळतात तसं. ही समजूत तिनं अगदी धरून ठेवली, कारण आत परत जायचं होतं.

६

भाषणं झाली. वार्ताहर निघाला, ओळखीचे निघाले. शिवरंजनी दाराशी उभी राहून प्रत्येकाच्या हातात पिशवी देत होती. आत पान, सुपारी, हळकुंड, नारळ. सर सर्वांत शेवटी, न्यायला आलेल्या मुलाच्या गाडीत बसून गेले. जाता जाता त्यांनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाले, रंजनी, तू माझ्या माणसांस आणलीस. त्यांना इतकं समाधान झालेलं तिनं कधी पाहिलं नव्हतं. समाधान खरं होतं म्हणूनच तिला जास्त भीती वाटली.

मागच्या रांगा बसूनच होत्या.

फोन थरथरला. साईकुमारनं फोटो चेन्नईला आधीच पाठवले होते आणि सुष्मिताचा निरोप आला होता. असा समारंभ कंपनीनं पाहिला नाही, चेन्नईची जागा पक्की, सोमवारी पत्र निघेल. शिवरंजनीनं निरोप वाचला. ज्या ओळीसाठी इतकी वणवण केली ती ओळ समोर होती, आणि तिला फक्त चपला घालून पळावंसं वाटत होतं.

साईकुमार कॅमेरा घेऊन जवळ आला. त्याचा चेहरा उतरला होता.

"अक्का, एक बघा," तो हळूच म्हणाला. "मी बाजूनं, मंच आणि सभा दोन्ही येतील असे फोटो काढले. यांच्यातला एकही मंचाकडे बघत नाहीये."

त्यानं एकेक फोटो पुढं सरकवला. दीपप्रज्वलनाच्या वेळी ती समईशेजारी खांबाला टेकून उभी होती. सगळी सभा खांबाकडे बघत होती. सरांच्या भाषणाच्या वेळी ती उजव्या भिंतीशी होती, तर सगळ्या माना उजवीकडे. एक फोटो ती पाणी आणायला बाहेर गेली होती तेव्हाचा होता. त्यात त्या सगळ्यांनी मान मागे, दाराकडे वळवलेली होती. पार मागे, आणि खांदे मात्र समोरच होते. तिनं बोटांनी फोटो मोठा केला. चेहऱ्यांकडे बघायचं धाडस झालं नाही, म्हणून हातांकडे पाहिलं. मांडीवरची एकूण एक मूठ मिटलेली होती. एका मुठीच्या करंगळीखालून पिवळा तांदूळ बाहेर आला होता.

लग्नात लोक अशाच मुठी मिटून बसतात. वेळ आली की अक्षता टाकायच्या असतात.

साईकुमार कधी गेला ते तिला कळलं नाही. ताटात पिशव्या उरल्या होत्या. बोलावणाऱ्यानं पाहुण्यांच्या हातात पानसुपारी देऊन त्यांना निरोप द्यायचा, मगच आपण जागा सोडायची, हे तिला कुणी शिकवावं लागत नव्हतं. तिनं एक पिशवी उचलली. मागच्या रांगांच्या दिशेनं पाऊल टाकलं. सर्वांत जवळची बाई, राखाडी लुगड्यातली, खुर्चीतून उठू लागली. उठताना तिचे गुडघे दुखत असावेत तसा तिनं एक हात गुडघ्यावर रेटला. दुसरी मूठ तिनं पुढं केली आणि बोटं उघडायला लागली.

शिवरंजनीनं पिशवी टाकली आणि ती पळाली. चपलासुद्धा घातल्या नाहीत.

७

घराच्या दाराला तिचं कुलूप जसंच्या तसं होतं. ते पाहून तिचा जीव भांड्यात पडला. कुलूप काढलं, घाईत ते किल्लीसकट कडीतच लटकत राहिलं. आत शिरून तिनं दार लावलं आणि पाठीनं दाबून धरलं. दिवेलागणीची वेळ होती. अम्मा खाटेवर होती, दिवा लावायचा राहिला होता.

"चेन्नईचं झालं, अम्मा," ती धापा टाकत म्हणाली. मग खाली बसली, अम्माच्या पायाशी, आणि रडायला लागली. मी नाही जात, असं काहीसं म्हणाली. पुन्हा कधी कुलूप लावणार नाही, असंही म्हणाली. अम्मानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिच्या उघड्या, धुळीनं माखलेल्या पावलांकडे पाहिलं.

"आल्ते कां सगळे?"

शिवरंजनीनं मान डोलावली.

"पानसुपारी घेटली कां त्यांनी?"

"नाही."

"मग तू कशी आलीस?"

उत्तर द्यायच्या आत बाहेर कडी वाजली. लटकलेलं कुलूप कुणी तरी हातात घेतलं होतं. ते कोयंड्यात बसल्याचा आवाज तिनं ऐकला, आणि किल्ली फिरल्याचा. ती उठून दाराकडे धावली. दार ओढलं. ते बोटभरही हललं नाही.

दूर रस्त्यावर रिक्षाचा हॉर्न वाजला. दाराशी कपड्यांची सळसळ झाली. स्टीलच्या ताटाची कड उंबऱ्याला लागली. दाराच्या फटीतून एक पत्रिका आत सरकली आणि तिच्या पायाशी पडली.

"समस्त घरचे या," बाहेरून आवाज आला. उजळ, जरा चढा, कामाचा आवाज. "एकासही मागें ठेवूं नका."

तो आवाज तिचा होता.

शिवरंजनीनं ओरडायला तोंड उघडलं. मी आत आहे, आम्ही दोघी आत आहोत, एवढंच सांगायचं होतं. पण घशातून शब्द फुटेना. दारावर हात आपटायचा म्हणून तिनं हात उचलला, तो उचललेलाच राहिला. तिच्यामागे अम्मा पाणी प्याली आणि टंबलर फरशीवर ठेवला. ठण् झालं, आणि मागोमाग बारीक थरथर.

बाहेरची बाई थांबली. ती कान देऊन ऐकत होती.

शिवरंजनीनं श्वास धरला. ती बाई आता काय म्हणेल ते तिला पाठ होतं. घरांची भिंत सामाईक आहे. आवाज शेजारचा. ऊन फार आहे, आणि अजून बरीच घरं बाकी आहेत.

मोबाइलवर फोटो काढल्याचा आवाज झाला. पावलं पुढच्या दाराकडे गेली.

उंबऱ्याखालच्या फटीतून थोडे पिवळे तांदूळ घरंगळत आत आले होते. अम्मा गुडघ्यांवर हात रेटत खाटेवरून उतरली, खाली वाकली, आणि एकेक दाणा वेचू लागली. वेचलेल्या दाण्यांचे तिनं दोन वाटे केले. एक स्वतःच्या मुठीत धरला, एक शिवरंजनीच्या तळहातावर ठेवून तिची बोटं एकेक करून मिटवली.

"घट्ट धर," ती म्हणाली. "तिकडे मंडपांत लागतील."